पाटी होती, घर रिकामे

संगणक हे विज्ञान शाखेच्या मंडळींचे काम, आपण कलाशाखेवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझ्या एका वर्गमित्राचे ठाम मत आहे. मी त्याच्या वाटेला गेलो. पुढे काय झाले ते त्या मित्राला माहीत आहे. तो ते कँटीनमध्ये माझ्यादेखत रंगवून सांगतो आणि त्यात दरवेळी थोडी भर घालतो. म्हणून एकदा खरी हकीकत माझ्याच हाताने लिहून ठेवावी म्हटले.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मराठीच्या सरांनी प्रकल्पासाठी विषय निवडायला सांगितले. मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. खरे सांगायचे तर त्यात वाङ्मयप्रेम थोडे आणि आळस जास्त होता. आजी घरातच होती, तेव्हा कुठे हिंडायला नको, हा माझा हिशोब. पण २०२१ च्या दिवाळीनंतर तिच्यासमोर मोबाइल ठेवून बसलो आणि तिसऱ्याच दिवशी लक्षात आले, की या बाईच्या पोटात अख्खे गाव आहे. माहेरची वाट, बार्शीचा बाजार, दुष्काळ, भाऊ, सवत, पंढरीची वारी. जाते घरात राहिलेले नव्हते, ते कधीच अंगणात पालथे पडले होते. आजी नुसतीच हात फिरवी, रिकाम्या जमिनीवर, आणि मग ओवी येई. हात थांबला की ओवीही थांबे.

चौदा ध्वनिमुद्रणे झाली. त्यातून मी लिहून काढलेल्या ओव्यांचा शेवटचा क्रमांक ३१२ होता. हा आकडा मला पक्का आठवतो, कारण ज्या दिवशी तो टंकलिखित केला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, मार्च २०२२ मध्ये, आजीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू सगळे येते, समजते सगळे. बोलता येत नाही.

आता संगणकाविषयी. तो लातूरहून आणलेला, कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, तिसऱ्या हाताचा. त्यावर विंडोज चालेना. सुरू व्हायलाच चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागे. माझा मामेभाऊ लातूरला असल्या कामात असतो. त्याने त्यावर लिनक्स मिंट घातले. हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जे बीज लावले त्याच्या या अनेक फांद्यांपैकी ही एक. फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रावरही चालते. जाताना मामेभाऊ म्हणाला, "यात टाइमशिफ्ट म्हणून आहे. ते चालू करून ठेव. काही बिघडलं तर कालच्या तारखेला परत जाता येतं."

कालच्या तारखेला परत जाता येते! कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठे आमिष कोणते? मी ते चालू केले. रोज एक, अशी पाच दिवसांची क्षणचित्रे ठेवायची, सहावे आले की सर्वांत जुने जायचे. पडद्यावर काही बारीक इंग्रजी मजकूर आला होता. मी 'पुढे, पुढे' करत गेलो. त्या मजकुरात काय होते ते मला दीड वर्षाने कळले.

क्षणचित्र हा शब्द माझा. त्यामागची युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी यंत्रणेच्या सगळ्या फायलींची एक पूर्ण नक्कल होते. दुसऱ्या दिवशी मात्र ज्या फायली बदलल्या तेवढ्यांचीच नवी नक्कल होते. न बदललेल्यांना फक्त आणखी एक नाव दिले जाते. आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाला आई एका नावाने हाक मारते, आजी दुसऱ्या, शाळेत तिसरेच. नावे तीन, पोरगा एकच, आणि भाकरीही एकाच्याच वाटची. तसेच हे. आजचे चित्र उघडा, परवाचे उघडा, दोन्हीत फाईल दिसते. जागा एकदाच व्यापलेली असते. पण याची दुसरी बाजू अशी, की एक नाव पुसले म्हणून जागा सुटत नाही. शेवटचे नाव पुसेपर्यंत ती फाईल तिथेच बसून राहते. शिवाय रोज काही ना काही बदलते, नवी अद्ययावत करणी येतात, त्यांच्या जुन्या प्रती चित्रांत अडकून पडतात. म्हणजे चित्रे फुकट नसतात. (बीटीआरएफएस म्हणून फायली साठवण्याची एक वेगळी पद्धत आहे. तिच्यात जुने खोडायचेच नाही, बदल नव्या जागी लिहायचा, अशी रीत असल्यामुळे चित्र क्षणात निघते. माझ्याकडे ती नव्हती.)

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. संध्याकाळी वीज गेली, तासाभराने आली. संगणक चालू केला. नाव आले, परवलीचा शब्द मागितला, दिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा नाव विचारू लागला. पुन्हा दिला. पुन्हा तेच. दारावर उभे राहून 'मीच आहे' म्हणावे, आतल्याने 'हो हो, या' म्हणावे आणि दार लावून घ्यावे, असा प्रकार. परवलीचा शब्द चुकला असता तर त्याने तसे सांगितले असते. तो चूक म्हणत नव्हता आणि आतही घेत नव्हता.

मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन एकदम दाब." दाबले. रंगीत पडदा गेला आणि काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरे आली. तिथे तोच शब्द दिला तर सरळ आत घेतले! "आता डीएफ लिही," तो म्हणाला. लिहिले. तबकडी शंभर टक्के भरलेली. म्हणजे दार नादुरुस्त नव्हते. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंगीत पडदा सुरू होताना त्याला तुमच्या घरात एक चिठ्ठीएवढी फाईल लिहावी लागते. तेवढीही जागा नाही, म्हणून तो माघारी धाडतो. कारण कळले की दुखणे निम्मे बरे होते, हे संगणकालाही लागू आहे.

"क्षणचित्रं काढून टाक, त्यांनीच जागा खाल्ली असेल," मामेभाऊ म्हणाला. इथे माझे शहाणपण जागे झाले. क्षणचित्रे म्हणजे माझा विमा. विमा कोणी मोडतो का? मी म्हणालो, "नको. सिनेमाची जुनी गाणी आहेत, ती काढतो. तुझ्याकडे आहेतच."

पण त्या काळ्या पाटीला देवनागरी येत नाही. तिच्याजवळ मोजक्याच अक्षरांचे खिळे असतात. काना, मात्रा, जोडाक्षरे हा संसार तिला झेपत नाही. माझी सगळी कपाटे मराठी नावांची. यादी मागितली तर एकाखाली एक चौकटींच्या ओळी आल्या, जणू कोणी नावांवर रांगोळीचे ठिपके काढून ठेवले आहेत. मराठीत नावे द्यायचा माझा अभिमान होता, आजही आहे, पण त्या रात्री तो महाग पडला. फक्त एक गोष्ट वाचता येत होती. 'जुनी गाणी' या नावापुढे मी इंग्रजी कळफलकावरचा एक आणि दोन असे आकडे टाकले होते. चौकटी, चौकटी आणि शेवटी एक. ते कपाट सापडले.

"नाव टाइप करता येत नाही," मी म्हणालो. तो म्हणाला, "मग चांदणी टाक आणि पुढे एक. म्हणजे ज्याच्या शेवटी एक आहे ते जाईल. तसं एकच आहे ना?" मी म्हणालो, "हो, एकच आहे." यादी लांब होती. वरच्या ओळी पडद्याबाहेर सरकून गेल्या होत्या. आरएम, चांदणी, एक. कळ दाबली. काही विचारले नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकले नाही. ही आज्ञा डबा वगैरे जाणत नाही. दोन-तीन मिनिटांनी नवी ओळ आली. रंगीत पडदा सुरू झाला. मी मामेभावाचे आभार मानले आणि झोपलो.

पुढचे दोन दिवस मी त्याच संगणकावर एक सिनेमा पाहिला आणि साठलेली अद्ययावत करणी बसवली. तिसऱ्या दिवशी सरांनी प्रकल्पाची पाने मागितली, तेव्हा 'ओव्या' हे कपाट उघडायला गेलो. ते नव्हते. त्याचे पूर्ण नाव 'ओव्या १' असे होते, आणि तो एकही इंग्रजीच. दुसरा भाग पुढे कधीतरी करायचा म्हणून दिलेला आकडा.

आश्चर्य वाटेल, पण त्या क्षणी मी घाबरलो नाही. क्षणचित्रे होती ना! मोठ्या ऐटीत कालच्या तारखेचे चित्र उघडले. त्यात यंत्रणेचे सगळे सामान जागच्या जागी होते. 'होम' उघडले. माझ्या नावाचे कपाट होते. त्यावर टिचकी मारली. आत काही नाही. परवाचे उघडले, तेरवाचे उघडले. पाचही चित्रांत माझ्या नावाची पाटी आणि आत रिकामे घर.

मग तो बारीक मजकूर शोधून वाचला. टाइमशिफ्ट यंत्रणेच्या फायली सांभाळण्यासाठी आहे, वापरणाऱ्याच्या कागदपत्रांसाठी नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आपण सांगितल्याशिवाय ते 'होम'ला हात लावत नाही, आणि यात तर्क आहे. यंत्रणा बिघडली म्हणून तुम्ही कालच्या तारखेला गेलात, तर आज लिहिलेला निबंधही पुसला जाऊ नये. म्हणजे दोष त्याचा काहीच नव्हता. मी माझे घर मोकळे करून ज्यांना जागा दिली, त्यांच्याकडे माझे काही नव्हतेच.

मोबाइलवरची मूळ ध्वनिमुद्रणे? मोबाइल भरला म्हणून ती संगणकावर घेऊन तिकडून पुसली होती. हे लिहिताना आजही हात थबकतो.

मामेभाऊ फोनवर आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "यंत्र बंद कर. वायर काढ. रविवारी येतो." पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिच्या जागेवर 'रिकामी' अशी खूण पडते. नवे काही येऊन त्यावर बसेपर्यंत जुने तिथेच असते. पाटी ओल्या बोटाने पुसली तरी उजेडात धरली की अक्षरे दिसतात तसे. माझ्या सिनेमाने आणि अद्ययावत करणीने त्या पाटीवर किती लिहिले होते ते देव जाणे.

रविवारी तो आला. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू केले, म्हणजे तबकडीवर एक अक्षरही लिहिले जाऊ नये. मग फोटोरेक नावाचा कार्यक्रम लावला. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने तो लिहून जगाला वाटून टाकला आहे. तो नावे, कपाटे काही पाहत नाही. तबकडी एका टोकापासून वाचत सुटतो आणि प्रत्येक जातीच्या फायलीची सुरुवात कशी असते त्या ओळखीवर तुकडे उचलतो. दुपारी दोनला लावला तो रात्री साडेआठपर्यंत चालला. मध्ये वीज गेली नाही, हे आमच्या मुरुडात त्या दिवशीचे सर्वांत मोठे आश्चर्य.

हाती आल्या हजारो बेनाव फायली. नावाच्या जागी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. शिष्यवृत्तीचे अर्ज, चुलत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेचे चार मसुदे, सिनेमातल्या गाण्याचे अर्धे तुकडे. मी आठवडाभर एकेक उघडत होतो. अनोळखी आकड्यावर टिचकी मारावी आणि आजीचा खोकला ऐकू यावा! ती गायच्या आधी नेहमी दोनदा खोकायची.

चौदांपैकी नऊ ध्वनिमुद्रणे मिळाली, त्यातली दोन मध्येच तुटलेली. लिखाणाची एक जुनी प्रत मिळाली, ती २३१ क्रमांकापर्यंतची. सरांना आधी दिलेली छापील पाने होती १४८ ओव्यांची, त्यांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणांसकट. ती त्या २३१ मध्येच आली. पण संगणकावरच्या प्रतीत नसलेल्या दुरुस्त्या त्या कागदावर होत्या. उरलेल्यांपैकी ५० मी ध्वनिमुद्रणे ऐकून पुन्हा उतरवल्या. ३१ राहिल्या.

सरांना सगळे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. 'लीळाचरित्रा'चे काय झाले आठवते का, एवढेच त्यांनी विचारले. परीक्षेसाठी पाठ केलेली ती टीप मला तेव्हा पहिल्यांदा कळली. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून विचारून लीळा गोळा केल्या. पुढे यादवांचे राज्य बुडाल्यानंतरच्या धामधुमीत ती मूळ पोथीच हरपली. मग ज्यांनी ती ऐकली, पाठ केली होती, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला आणि अनेक पाठ तयार झाले. हा पाठ अमक्याचा, तो तमक्याचा, अशा नोंदी जुन्या पोथ्यांत आहेत. वि. भि. कोलत्यांनी संपादन केलेली जी प्रत १९७८ मध्ये निघाली ती या अशा पोथ्या ताडून पाहूनच.

आणि मोठ्यांचेही असेच होते, हेही मला त्या दिवसांत वाचायला मिळाले. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग तयार होत असताना कोणीतरी माझ्यासारखीच आरएम आणि चांदणी दिली. बहुतेक चित्रपट पुसला गेला. राखीव प्रती तपासल्या तर त्याही महिनाभर नीट होतच नव्हत्या. गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणामुळे घरून काम करत असत, त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून बचावले. चित्रपट १९९९ मध्ये लागला. हे वाचून मला फार बरे वाटले. दुसऱ्याची चूक वाचून बरे वाटणे चांगले नव्हे, पण वाटले खरे.

क्षणचित्र आणि राखीव प्रत यांत फरक काय, तो मी आता कोणालाही सांगू शकतो. क्षणचित्र त्याच घरात टांगलेला घराचा फोटो आहे. भिंतीवर मुलाने कोळशाने रेघोट्या मारल्या तर आधी भिंत कशी होती ते फोटो सांगेल. घरच पडले तर फोटोही त्याखाली. आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमचे एक नातलग कुटुंब दगडमातीच्या घराखाली गेले. त्यांच्या लग्नाचा एकुलता फोटो जो उरला, तो त्यांनी कधीतरी आमच्या आजीला दिला होता म्हणून. तो आमच्या देवघराशेजारी आहे. लहानपणापासून मी तो पाहत आलो आणि वापर काही केला नाही.

जातीच्या संसाराची ही रीत आजीला ठाऊक होती. तुरीचे बी ती राख लावून मडक्यात भरी आणि त्यातले पायलीभर दरवर्षी शेजारी देई. "आपलं किडलं तर त्यांच्याकडनं आणायचं." गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांच्याबरोबर बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर नीट बसवल्या आणि आवाजही मुद्रित केले. पॉइटव्हँ २००४ मध्ये गेले. ओव्या २०१७ पासून पुन्हा लोकांपुढे येऊ लागल्या. लाखभर ओव्या तेवढी वर्षे तगल्या आणि माझ्या तीनशे दीड वर्षात गेल्या, याची लाज मला त्या एक लाखाच्या आकड्याने जास्त वाटली.

राहिलेल्या ३१ साठी बार्शीहून आत्याला बोलावले. मी रडवेला होऊन सगळे सांगितले तर ती म्हणाली, "आरं, मायच्या ओव्या काय त्या डब्यात हुत्या व्हय?" ती आजीच्या खाटेजवळ जमिनीवर बसली, हात फिरवायला लागली आणि सुरू झाली. मी मोबाइल ठेवला. आजी डोळे मिटून पडली होती. तिसऱ्या की चौथ्या ओवीला तिने डावा हात उचलला. आत्या थांबली. "चुकलं का माय?" आजीने हात तसाच धरला. आत्याने दुसऱ्या चरणातला शब्द बदलून म्हटला. हात तसाच. आणखी एक शब्द घालून पाहिला. हात खाली आला.

असे तीन दिवस चालले. कधी हात उठे, कधी आत्याच अडून बसे, "न्हाई माय, माझ्या सासरी असंच म्हणत्यात," आणि मग आजी तोंड फिरवून घेई. मी दोन्ही लिहिले, एक आजीचा पाठ, एक आत्याचा. २४ ओव्या परत आल्या. सात राहिल्या. त्या कोणत्या, हेही मला सांगता येत नाही.

आता माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक संगणकावर, एक इथे कपाटात वेगळ्या तबकडीवर, एक बार्शीला आत्याकडे पेनड्राइव्हमध्ये. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या वस्तूंवर, एक परगावी, हा पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम. आजीच्या तुरीचाही जवळपास हाच. टाइमशिफ्टही चालू आहे, त्याच्या कामापुरते. दोनच चित्रे ठेवतो. कपाटांच्या नावांना आकडे देत नाही.

आत्या तो पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवते. गेल्या दिवाळीत बार्शीला गेलो तेव्हा तो मागून घेतला आणि एकेक फाईल उघडून ऐकली. सगळ्या लागल्या, अकराव्या क्रमांकाची तेवढी उघडेना. घरी येऊन कपाटातल्या तबकडीवरची लावून पाहिली. दोन खोकले ऐकू आले. तिची नवी नक्कल करून पुढच्या एसटीने येणाऱ्या आतेभावाकडे धाडली.